परदेशात भाड्याची गाडी: आरटीओपासून किल्ली परत देईपर्यंत

भाड्याच्या गाडीत पैसे बुडतात ते रस्त्यावर कमी, काउंटरवर आणि गाडी परत करताना जास्त. कन्नडजवळचा वळणावळणांचा औट्रम घाट पार करणाऱ्याला न्यूझीलंडचा मोकळा रस्ता अवघड जात नाही. अवघड जातं ते चौदा तासांच्या प्रवासानंतर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, चार पानी इंग्रजी करारावर सही करणं. म्हणून या लेखात स्टिअरिंगपेक्षा कागद, कार्ड आणि फोटो यांना जास्त जागा दिली आहे.

आधी एक प्रश्न: गाडी लागतेच का? सिंगापूर, बँकॉक, लंडन, पॅरिस इथे गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. पार्किंग महाग आणि मेट्रो दाराशी. दुबईत फक्त मॉल आणि बुर्ज खलिफा बघायचं असेल तर मेट्रो आणि टॅक्सीत भागतं. हत्ता, फुजैरा किंवा रास अल खैमाचा जेबेल जैस करायचा असेल तरच गाडी परवडते. खरा फायदा न्यूझीलंडचं दक्षिण बेट, स्कॉटलंड, इटलीतलं तोस्काना, ऑस्ट्रेलियाचा किनारा अशा पसरलेल्या मुलखात. तिथेसुद्धा गाडी पूर्ण सहलीसाठी घेऊ नका. शहरातले दिवस संपले, की शहर सोडायच्या सकाळी गाडी घ्या.

डावीकडचा देश की उजवीकडचा

पहिल्यांदा जात असाल तर आपल्यासारखी डावीकडून वाहतूक असलेला देश निवडा: थायलंड, मलेशिया, श्रीलंका, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस. आखाती देश आणि अमेरिका उजवीकडून चालतात; ब्रिटन-आयर्लंडसारखे मोजके अपवाद सोडले तर सगळा युरोपही.

काही देशांत मात्र आपला परवानाच चालत नाही. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघतो. जपान नेमका हाच मानतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मागतो, म्हणून तिथे आपला उपयोगाचा नाही. चीन तर कुठलाच आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही. श्रीलंकेत आपल्या परवान्यावर तिथली वेगळी मान्यता घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या मूळ लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही इंग्रजीतलं लायसन्स असलं की पाहुण्याचं काम भागतं. तरीही १००० रुपयांचा आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच ठेवा. कायद्याला नको असला तरी काउंटरवरचा माणूस मागू शकतो, आणि तिथे त्याच्याशी हुज्जत घालून गाडी मिळत नाही.

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक खास सूचना. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना ही जोडी फक्त पर्यटकाला चालते. ज्याच्याकडे तिथला रहिवासी व्हिसा आहे, त्याला तिथलंच लायसन्स लागतं. म्हणजे नांदेडहून भेटायला गेलेले वडील भाड्याची गाडी चालवू शकतात, पण तिथे राहणाऱ्या मुलाकडे अमिरातीचं लायसन्स नसेल तर त्याने भारतीय लायसन्सवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि वडिलांनी मुलाची खासगी गाडी चालवायच्या आधी त्या गाडीचा विमा पाहुण्याला धरतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

आंतरराष्ट्रीय परवाना: आरटीओतलं काम

बोलीभाषेत याला सगळे ‘आयडीपी’ म्हणतात. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर करायचा, आणि काम आपल्या लायसन्सवरच्या पत्त्याच्या कार्यालयात होतं: छत्रपती संभाजीनगरला एमएच-२०, जालन्याला २१, परभणीला २२, बीडला २३, लातूरला २४, धाराशिवला २५, नांदेडला २६, हिंगोलीला ३८, अंबाजोगाईला ४४. नोकरीनिमित्त पुण्यात राहत असाल आणि लायसन्सवर पत्ता परभणीचा असेल, तर एक तर परभणी गाठा, नाही तर आधी पत्ता बदलून घ्या. ऐन वेळी हेच आठवतं आणि सुट्टी वाया जाते.

पोर्टलवर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म ४-ए, भरायचा. सोबत लायसन्स, पासपोर्ट, लागत असेल तर व्हिसा, विमानाचं तिकीट, फोटो आणि डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह दिलेलं फॉर्म १-ए वैद्यकीय प्रमाणपत्र. फी १००० रुपये. मूळ कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं. काम बहुतेकदा काही दिवसांत होतं, पण निघायच्या तीन आठवडे आधी अर्ज टाका.

परवान्याची मुदत एक वर्ष, आणि त्याआधी मूळ लायसन्स संपत असेल तर तेवढीच. त्यामुळे मूळ लायसन्सची तारीख आधी बघा.

आता तीन बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे काउंटरवर माणसं अडकतात. एक, नाव. आपल्याकडे लायसन्सवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि क्रेडिट कार्डावर बँकेने काटछाट केलेलं तिसरंच. बुकिंग पासपोर्टवर जसं आहे तसंच करा, आणि आरटीओत नाव टंकताना पासपोर्टशी ताडून घ्या. दोन, गाडीचा प्रकार. परवान्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का नसेल तर थायलंडात भाड्याची स्कूटर चालवणं बेकायदेशीर ठरतं, आणि अपघात झाला तर प्रवास विमाही हात वर करतो. मूळ लायसन्सवर दोन्ही असेल तर दोन्हीचा शिक्का घ्या. तीन, जारी तारीख. बऱ्याच कंपन्या ‘किमान एक वर्ष जुनं लायसन्स’ मागतात. नूतनीकरणानंतर मिळालेल्या नव्या कार्डावर मोठ्या अक्षरात अलीकडची तारीख दिसते. वाहन प्रकारासमोरची मूळ तारीख कार्डावर कुठे आहे ते शोधून ठेवा, आणि काउंटरवर बोट ठेवून दाखवा.

मूळ लायसन्सचं कार्ड सोबत हवंच. आंतरराष्ट्रीय परवाना हा त्याचा जोडकागद आहे, एकटा तो काही कामाचा नाही. डिजिलॉकरमधली प्रत आपल्या हवालदाराला चालते, मिलानच्या काउंटरवर नाही.

क्रेडिट कार्ड: सगळ्यात जास्त गाड्या इथे हातच्या जातात

गाडी देताना कंपनी अनामत रक्कम कार्डावर ‘ब्लॉक’ करते. पैसे कापले जात नाहीत, पण कार्डाची तेवढी मर्यादा अडकते. त्यासाठी मुख्य चालकाच्या नावाचं, खरंखुरं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड कित्येक ठिकाणी नाकारतात किंवा त्यासोबत महागडा विमा गळ्यात मारतात. फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं, म्हणून अनामतीसाठी बहुतेक ठिकाणी चालत नाही. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचं बुकिंग, हेही चालत नाही. कार्ड जिच्या नावाचं तिलाच मुख्य चालक करा, आणि दुसऱ्याला जादा चालक म्हणून नोंदवा.

हिशेब आधीच मांडा. समजा कार्डाची मर्यादा दोन लाख. त्याच कार्डावर ९० हजारांची तिकिटं काढली, हॉटेलनेही २० हजार अडकवले. राहिले ९० हजार. युरोपात १५०० युरोची अनामत मागितली, तर शंभरच्या आसपासच्या दराने दीड लाख झाले. कार्ड नाकारलं जातं आणि आगाऊ भरलेलं भाडंही अनेकदा परत मिळत नाही. उपाय दोन: निघण्याआधी कार्डाचं बिल भरून मर्यादा मोकळी करा, आणि गाडीसाठी वेगळं कार्ड ठेवा. बँकेच्या अॅपमध्ये परदेशातला वापर चालू करा, व्यवहाराची मर्यादा वाढवा, चार अंकी पिन पाठ करा.

मशीनवर ‘रुपयांत भरायचं की युरोत?’ असा पर्याय आला तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या मशीनचा लागतो, आणि तो नेहमी आपल्या विरोधात असतो.

बुकिंग: चार अक्षरांचा कोड वाचायला शिका

संकेतस्थळावर दिसणाऱ्या गाडीचा फोटो सोडून द्या. त्याखाली ‘किंवा तत्सम’ असं लिहिलेलं असतं, आणि मिळते ती तत्समच. खरी माहिती आरक्षणावरच्या चार अक्षरांत असते. पहिलं अक्षर आकार सांगतं: ‘एम’ म्हणजे मिनी, ‘ई’ इकॉनॉमी, ‘सी’ कॉम्पॅक्ट, ‘आय’ मध्यम, ‘एफ’ मोठी. दुसरं अक्षर प्रकार: ‘सी’ किंवा ‘डी’ म्हणजे साधी दोन-चार दारांची गाडी, ‘डब्ल्यू’ लांब डिक्कीची, ‘एफ’ एसयूव्ही, ‘व्ही’ व्हॅन. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ‘एम’ म्हणजे मॅन्युअल गिअर, ‘ए’ म्हणजे ऑटोमॅटिक. चौथं इंधन आणि एसी; ‘आर’ असेल तर एसी आहे. म्हणजे ‘ई-सी-एम-आर’ ही छोटी मॅन्युअल गाडी.

तिसऱ्या अक्षरावर काटकसर करू नका. युरोपात मॅन्युअल स्वस्त आणि सहज मिळते, पण उजवीकडच्या देशात गिअर उजव्या हाताला येतो. नवा देश, उलटी बाजू, उलटा हात आणि वर गोलचौक. इतकं एकदम डोक्याला झेपत नाही. ऑटोमॅटिकचे जादा पैसे वसूल होतात.

आकार ठरवताना माणसं नका मोजू, बॅगा मोजा. कॉम्पॅक्ट गाडीच्या डिक्कीत २३ किलोच्या दोनच मोठ्या बॅगा बसतात. चार माणसं, चार बॅगा, शिवाय धपाटे-चटणी-लाडवांचा डबा म्हटलं की लांब डिक्कीची गाडी किंवा एसयूव्हीच लागते. मागच्या सीटवर बॅग ठेवून फिरलात तर आत सामान दिसतं, आणि पर्यटनस्थळांवरच्या पार्किंगमध्ये काच फोडण्याचं तेच निमित्त होतं.

अटी वाचताना या जागा नजरेखालून घाला: रोजच्या किलोमीटरची मर्यादा (आखातात ती बऱ्याचदा असते, युरोपात बहुधा अमर्याद), चालकाचं वय (२५ च्या खाली जादा आकार, काही ठिकाणी सत्तरीनंतर नकार), एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचा आकार, आणि सीमा ओलांडायला परवानगी. दुबईची गाडी ओमानमध्ये न्यायची तर कंपनीची लेखी परवानगी आणि ओमानचा वेगळा विमा लागतो. सोबत लहान मूल असेल तर चाइल्ड सीट बुकिंगमध्येच मागा. मांडीवर बसवून नेणं युरोपात, आखातात, ऑस्ट्रेलियात कुठेच चालत नाही.

बुकिंगमध्ये विमानाचा क्रमांक न विसरता टाका. विमान तीन तास उशिरा आलं आणि कंपनीला ते कळलं नाही, तर गाडी दुसऱ्याला जाते आणि तुमची नोंद ‘आलेच नाहीत’ अशी होते.

विमा

भाड्यात साधारण तीन गोष्टी धरलेल्या असतात: समोरच्याच्या नुकसानीचा विमा, चोरीचा विमा आणि सीडीडब्ल्यू, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीतली सूट. या शेवटच्याला विमा म्हणणंही धाडसाचं आहे, कारण त्याला ‘एक्सेस’ असतो. एक्सेस १५०० युरो असेल आणि नुकसान ४०० युरोचं झालं, तर सगळे ४०० तुमचे. नुकसान ६००० चं झालं तर तुमचे १५०० आणि वरचे कंपनीचे. आपल्याकडच्या विम्यातही ‘कंपल्सरी डिडक्टिबल’ असतोच, पण तो हजार-दोन हजारांत असल्याने कुणी लक्ष देत नाही. इथे तोच आकडा लाखाच्या घरात जातो.

शिवाय साध्या सीडीडब्ल्यूतून टायर, रिम, काच, छप्पर, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन बहुतेक वेळा वगळलेलं असतं. आणि नवख्याकडून नुकसान नेमकं रिम आणि टायरचंच होतं, याचं कारण पुढे येईल.

एक्सेस शून्यावर आणायचे दोन मार्ग. काउंटरवर मिळणारं ‘फुल कव्हर’ महाग, पण अनामत कमी होते आणि ओरखडा पडला तर किल्ली ठेवून निघून जाता येतं. बुकिंगच्या संकेतस्थळावरचा एक्सेस विमा स्वस्त, पण तो दुसऱ्याच कंपनीचा असतो. म्हणजे नुकसान झालं की गाडीची कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे कापते, मग तुम्ही पावत्या, करार, नुकसानीचा अहवाल जोडून तिसरीकडे दावा करायचा. पैसे मिळतात, पण कागद सांभाळायची चिकाटी हवी. आमचं मत विचाराल तर आठवड्याच्या आतली सहल, उजवीकडचा देश आणि पहिलीच वेळ, असं असेल तर काउंटरचं पूर्ण कव्हर घ्या. डावीकडच्या देशात लांबची सहल असेल तर बाहेरचा विमा पुरतो.

दोन्ही एकदम घेऊ नका. काउंटरवर ‘तुमचा विमा आमच्याकडे चालत नाही’ असं सांगतात, तेव्हा ते अर्धसत्य असतं: त्यांच्याकडे चालत नाही, पण तुमच्या खिशासाठी चालतो. ‘नो एक्स्ट्रा कव्हर, नो अपग्रेड’ एवढंच शांतपणे म्हणा, आणि सही करण्याआधी करारावरची एकूण रक्कम बुकिंगच्या रकमेशी ताडा. टॅब्लेटवर सही घेत असतील तर पडदा खालपर्यंत सरकवून बघा. रस्त्यावरच्या मदतीचा आकार, उपग्रह नकाशाचा आकार असल्या ओळींवर आधीच टिचकी मारलेली असते.

गाडी ताब्यात घेताना पंधरा मिनिटं

किल्ली मिळाली की बॅगा भरायची घाई करू नका. फोनवर एक सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. या क्रमाने:

१. करारावरचा गाडी क्रमांक, मग गाडीची नंबरप्लेट.
२. समोरच्या उजव्या कोपऱ्यापासून हळू एक फेरी. बंपरचा खालचा ओठ खाली वाकून दाखवा. फुटपाथला घासल्याच्या खुणा उभ्याने दिसत नाहीत.
३. चारही रिम, जवळून. प्रत्येक चाकावर तीन-चार सेकंद.
४. समोरची काच तिरप्या कोनातून. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा लागल्याचा टवकाही नोंदवायचा.
५. छप्पर, आरसे, दारांच्या कडा.
६. आत: सीट, छत, डिक्की आणि शेवटी गाडी चालू करून किलोमीटर व इंधनाचा काटा.

गाडी नुकती धुतलेली, ओली असेल तर ओरखडे दिसत नाहीत. कापडाने पुसून घ्या. तळघरातल्या पार्किंगमध्ये फोनचा टॉर्च पत्र्याला समांतर धरा, सावली पडली की पोचा दिसतो. करारावरच्या चित्रात नसलेला प्रत्येक डाग कर्मचाऱ्याकडून लिहून घ्या. तो ‘इतकं बारीक आम्ही धरत नाही’ म्हणाला तरी लिहूनच घ्या. परत घेणारा माणूस दुसरा असतो.

डिक्कीत स्टेपनी आहे का बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत ती नसते, फक्त पंक्चरचं द्रावण आणि छोटा पंप असतो. टायर फाटला तर त्याचा उपयोग नाही, मदतीच्या नंबरला फोन करावा लागतो. युरोपात परावर्तक जॅकेट आणि त्रिकोण कुठे ठेवलाय तेही विचारा.

पहिला तास

लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई किंवा उदगीरहून हैदराबाद, मग विमानतळावर ताटकळणं, मग पहाटेचं विमान. असा प्रवास करून उतरलेल्या माणसाने थेट स्टिअरिंग हातात घेऊ नये. पहिल्या रात्री विमानतळाजवळ झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एक दिवसाचं भाडंही वाचतं.

पार्किंगमध्येच दहा मिनिटं घालवा. सीट, आरसे, हँडब्रेकचं बटण, दिवे. आपल्याकडे मारुती, टाटाच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो डावीकडे येतो. पहिले दोन दिवस वळताना कोरड्या काचेवर वायपर नाचणार, हे गृहीत धरा.

उजवीकडच्या देशासाठी एकच खूण लक्षात ठेवा: चालक नेहमी रस्त्याच्या मध्याकडे, शेजारचा माणूस कडेला. आपण कडेला आलो असं वाटलं की बाजू चुकली. गंमत म्हणजे चूक वाहतुकीत होत नाही, कारण पुढच्या गाडीमागे आपण आपोआप जातो. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर सकाळी निघताना आणि पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. म्हणून शेजारी बसलेल्याला एकच काम द्या: प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘उजवी बाजू’ म्हणायचं.

आता रिमचं कारण. आयुष्यभर गाडीच्या उजव्या भागात बसून चालवलेल्या माणसाला आपल्या डावीकडे गाडीचा मोठा भाग आहे, याची सवय असते. डावीकडे बसवलं तरी मन डावीकडे तेवढीच जागा सोडतं, आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. उजवी चाकं फुटपाथच्या दगडाला घासतात. उपाय: उजवा आरसा थोडा खाली करून कडेची पांढरी रेघ दिसेल असा लावा, आणि पहिले काही तास दर मिनिटाला तिकडे नजर टाका.

सराव इथूनच करून जाता येतो. समृद्धी महामार्गावर सावंगीहून जालन्यापर्यंत एक फेरी मारा: लेन न बदलता, इंडिकेटर दिल्याशिवाय बाहेर न पडता, पुढच्या गाडीपासून तीन सेकंद अंतर ठेवून, क्रूझ कंट्रोल असेल तर लावून. घाटात ब्रेक दाबत न बसता खालच्या गिअरवर उतरण्याची जी सवय औट्रम घाटाने लावली, तीच आल्प्समध्ये कामाला येते. ऑटोमॅटिकमध्ये त्यासाठी मॅन्युअल मोड किंवा ‘एल’, ‘बी’ असा खाचा असतो.

इथल्या सवयी, तिथले दंड

डिपर मारणं म्हणजे आपल्याकडे ‘मी येतोय, थांब’. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ बहुतेकदा ‘तू आधी जा’ असा घेतात. समोरच्याने दिवे मारले म्हणून तुम्ही थांबलात, तर दोघंही थांबून राहता. तुम्ही मारलेत तर समोरचा थेट आडवा येतो. हा एक गैरसमज खरोखर अपघात घडवू शकतो.

गोलचौकात आत असलेल्याला प्राधान्य. डावीकडच्या देशात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उजवीकडच्या देशात डावीकडून येणाऱ्याला. ‘स्टॉप’ची पाटी असेल तर रस्ता रिकामा असला तरी चाक पूर्ण थांबलं पाहिजे. झेब्रावर माणूस उभा दिसला की थांबायचं. अमिरातीत शाळेच्या बसने थांबण्याचा हात बाहेर काढला असताना पुढे गेलात तर १००० दिरहम दंड आणि लायसन्सवर १० काळे गुण. ब्रिटनमधल्या पाट्या मैलांत असतात: ३० म्हणजे ४८ किलोमीटर, ७० म्हणजे ११२. वेल्सच्या वस्तीत बऱ्याच ठिकाणी मर्यादा २० मैलांची आहे.

इटलीचं वेगळं प्रकरण आहे. जुन्या शहरांच्या पेठांत लाल कडेचा पांढरा गोल आणि ‘झोना त्राफिको लिमितातो’ अशी पाटी दिसते. तिथे परवानगीशिवाय शिरलं की कॅमेरा टिपतो, आणि दर वेळी शिरण्याचा वेगळा दंड. नकाशाचं अॅप रस्ता दाखवतंय म्हणून जाऊ नका. हॉटेल आत असेल तर आधीच मेल करून गाडीचा क्रमांक नोंदवायला सांगा, नाही तर बाहेर गाडी लावून चालत जा.

टोलचा फास्टॅग सगळीकडे नसतो. दुबईत ‘सालिक’ गाडीलाच लावलेला असतो: गर्दीच्या वेळी ६ दिरहम, इतर वेळी ४, रात्री १ ते सकाळी ६ मोफत, कंपनी ते वर थोडा आकार लावून वसूल करते. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला ४० फ्रँकचं वार्षिक ‘विन्येट’, म्हणजे टोलचा पास, लागतं. गाडी स्विस असेल तर ते आधीच असतं, पण मिलान किंवा म्युनिकहून घेतलेल्या गाडीवर नसतं, आणि त्याशिवाय पकडलं तर २०० फ्रँक दंड. लंडनच्या पूर्वेचा डार्टफर्ड पूल ओलांडला तर तिथे टोलनाका दिसत नाही; दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात.

इंधन

पेट्रोल की डिझेल हे झाकणाच्या आतल्या स्टिकरवर बघा, आठवणीवर विसंबू नका. युरोपात गोलातलं ‘ई ५’ किंवा ‘ई १०’ म्हणजे पेट्रोल, चौकोनातलं ‘बी ७’ म्हणजे डिझेल. नावं फसवी असतात: इटलीत ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल आणि ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल; स्पेनमध्ये ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हिरवी नळी डिझेलची. चुकीचं इंधन भरल्याचं लक्षात आलं तर किल्ली फिरवूच नका. इंजिन चालू झालं नाही तर टाकी रिकामी करून भागतं. चालू झालं की पंप आणि इंजेक्टरपर्यंत खर्च जातो, तोही तुमच्या खिशातून.

झाकण कोणत्या बाजूला आहे ते इंधनाच्या काट्याजवळचा छोटा बाण सांगतो. युरोपात रात्री पंपावर माणूस नसतो आणि मशीन कधीकधी आपलं कार्ड घेत नाही, म्हणून दिवसा, माणूस असलेल्या पंपावर भरा.

अपघात झाला तर

ओरखडा असो की टक्कर, पोलिसांचा कागद किंवा किमान त्यांचा नोंद क्रमांक घ्या. अमिरातीत पोलीस अहवालाशिवाय गॅरेज गाडीला हात लावत नाही. क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवा: युरोपात ११२, अमिराती आणि ब्रिटनमध्ये ९९९, थायलंडचे पर्यटक पोलीस ११५५, जपानी पोलीस ११०, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. फोटो काढा, समोरच्याचं लायसन्स आणि नंबरप्लेट टिपा, लगेच भाड्याच्या कंपनीला कळवा. उशीर झाला तर सीडीडब्ल्यू नाकारायला तेवढं कारण पुरतं. जी भाषा वाचता येत नाही त्या कागदावर चूक कबूल केल्याची सही करू नका.

परत करताना

करारात ‘फुल टू फुल’ असेल तर विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत टाकी भरा आणि पावती ठेवा. कंपनीने भरली तर दर दुपटीच्या आसपास आणि वर सेवेचा आकार. भाडं चोवीस तासांच्या हिशेबाने चालतं; अर्ध्या तासाची सवलत बहुतेक ठिकाणी असते, त्यापुढे पूर्ण दिवसाचं भाडं लागतं.

परतीच्या आधी गाडी आतून झाडून घ्या. सीटवरचा हळदीचा डाग आणि सांडलेल्या चिवड्याचा तेलकट थर पाहून सफाईचा आकार लावतात. फोनची जोडणी काढून टाका, नाही तर तुमची नावं आणि नंबर गाडीतच राहतात.

शक्यतो कार्यालय उघडं असताना परत करा. बंद असताना किल्ली पेटीत टाकली, तर दुसऱ्या दिवशी तपासणी होईपर्यंत गाडी कायद्याने तुमच्याच ताब्यात असते. तसं करावंच लागलं तर पुन्हा तसाच सलग व्हिडिओ काढा, शेवटी किल्ली पेटीत पडताना दिसली पाहिजे. माणूस असेल तर ‘नवीन नुकसान नाही’ असं लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हलू नका.

अनामत लगेच सुटत नाही. दंड, टोल येतात का हे बघायला आखातात तीन-चार आठवडे लागू शकतात. नंतर अचानक नुकसानीचे पैसे कापले गेले तर कंपनीकडे फोटो आणि दुरुस्तीचं बिल मागा, आपला वेळ-तारखेचा व्हिडिओ जोडून लेखी आक्षेप घ्या, आणि दाद लागली नाही तर कार्डाच्या बँकेत व्यवहारावर तक्रार टाका. तिथे मुदत असते, म्हणून आठवडे घालवू नका. वाहतुकीचा दंड मात्र खरा असेल तर दोनदा पैसे जातात: कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचा आकार आधी कापते आणि दंडाची नोटीस मागाहून घरी येते. इटलीत परदेशी चालकाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे, म्हणजे यंदाच्या दिवाळीतल्या सहलीचा दंड पुढच्या दसऱ्याला जालन्याच्या पत्त्यावर येऊ शकतो. तोवर करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ पुसू नका.